फागावाईच्या झऱ्यातलं विष

१

या मंडळी, या. अंमळ पुढं सरका. मागच्यांनी चटई ओढून घ्या, पोरांना मांडीवर घ्या. आज जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात चोरी आहे, विष आहे, पण भिऊ नका. ऐकून कोणाची झोप उडायची नाही. डोळे ओलावले तर मात्र माझ्याकडं बोट दाखवू नका.

दूर दक्षिणेच्या समुद्रात सवाई नावाचं बेट, आणि त्यावर फागावाई नावाचं गाव. दिवस असे, की गावात रेडिओ एकच, आणि तोही रविवारी मुका. संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा पाय दुमडून बसायची. गावाचे पाद्री इलाइआ. प्रवचन बोलता बोलता मध्येच त्यांचा सूर लागायचा, आणि मग पुढचं सगळं प्रवचन गाण्यात. समोरच्या बायका वरचा सूर धरायच्या, मागचे पुरुष खर्ज लावायचे, आणि देवळाचं छप्पर आता उचललं जातं की काय असं वाटायचं. त्यांची बायको एपेनेसा. लग्नाआधी ती दवाखान्यात नर्स होती. सगळं गाव तिला माई म्हणायचं.

डोंगरातला झरा गावातून उतरून समुद्राच्या काठावर काळ्या दगडांच्या डोहात पडायचा. डोहाच्या एका अंगाला तोंड होतं, तिथून पाणी सतत समुद्रात वाहून जायचं. वर्षातून एकदाच ते तोंड बंद व्हायचं. पोरांचा रविवार आला, की त्या आठवड्यात पुरुष दगड-माती लावून ते बुजवायचे. मग डोह काठोकाठ भरायचा आणि गावची सगळी पोरं त्यात घासूनपुसून न्हायची. त्या रविवारी पोरं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत देवळात गायची, आणि घरी आल्यावर मोठी माणसं त्यांना आधी वाढून मग आपण जेवायची. एरवी पोरांना उरलंसुरलं. त्या दिवशी मात्र ती राजे.

डोहात बोय मासे होते. त्यांना कोणी धरत नसे. पोरं निरफणसाचे तुकडे पुढं करायची आणि बोया त्यांच्या हातातून खायच्या.

त्या वर्षी पोरांच्या रविवाराआधी, गुरुवारी सकाळी पोरं ओरडत माईच्या दारात आली. माई धावत गेली, तर डोहावर सगळ्या बोया पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या. काठाला साबणासारखा फेस साचला होता.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पिण्याच्या पाण्याच्या टाकीत औषध घालतो ना तो सिओएली, त्याचंच हे."

आणि त्याच वेळी वरून टाकीकडून माणूस धापा टाकत आला. "पावडरचा डबा निम्मा झालाय! परवापर्यंत भरलेला होता!"

२

दुपारी पंचांची सभा बसली. खांबाखांबाला एकेक मानकरी टेकलेला. गावचा बोलका मानकरी, म्हणजे सभेत सगळ्यांच्या वतीनं बोलणारा ताउलेले, काठी टेकून उभा राहिला. त्याचा आवाज असा, की समुद्रातले मासे ऐकायला वर यावेत. फक्त त्या दिवशी मासे उरले नव्हते.

"सांगत होतो की नाही? क्लोरीन! माझा पुतण्या फेरेती न्यूझीलंडहून शिकून आला. विचारा त्याला. लढाईत गोऱ्यांनी एकमेकांना मारायला हाच वायू सोडला होता. आणि हा सिओएली तो आपल्या पोरांच्या पेल्यात घालतो!"

फेरेतीनं मान हलवली. "छापील वाचलंय मी, काका. केमिकल आहे ते. केमिकल शरीरात साठतं."

सिओएली सभेच्या कडेला मांडी घालून बसला होता. दोन वर्षांपूर्वी विषमज्वराची साथ आली. गावची तीन पोरं गेली, त्यांत सिओएलीची सहा वर्षांची लेक. घरासमोर दगड रचून तिला निजवली आहे, आणि त्या दगडांवर बाप रोज सकाळी ताजी फुलं ठेवतो. साथीनंतर सरकारनं पावडर पाठवली. ती टाकीत घालायचं काम कोण करणार, असं विचारल्यावर सगळ्यात आधी हात वर केला तो सिओएलीनं.

"मी चिमटी-चिमटीनं घालतो, दादा," तो म्हणाला. "निम्मा डबा कुठं गेला, मला नाही माहीत."

"तुला माहीत नाही, डब्याला माहीत नाही, मग बोयांना विचारायचं?"

सभा हसली. सिओएली हसला नाही.

निकाल लागला. शनिवारी संध्याकाळचा शंख वाजायच्या आत सिओएलीनं बायकोसह गाव सोडायचं. पोरांच्या रविवारी विष घालणारा गावात नको. घर उकलून नेलं तरी चालेल.

सिओएली उठून घरी गेला, छपराच्या सुतळ्या सोडायला लागला. माई त्याच्या मागोमाग गेली.

"अरे, थांब ना जरा. छप्पर पळून जात नाही."

"माई, छप्पर नेईन हो," तो खाली न बघता म्हणाला. "खांब नेईन. पण पोरीला कसं नेऊ?"

माई घरी आली. इलाइआ प्रवचनाची तयारी करत होते, पण सूर लागत नव्हता.

"पाद्र्याला पंचांच्या निकालात बोलता येत नाही," ते म्हणाले.

"पाद्र्याला येत नाही," माई म्हणाली. "पण उद्या शुक्रवार आहे. बायकांची सफाईची फेरी आहे. त्या फेरीला या गावात कोणतं दार बंद असतं?"

३

महिन्यातून एकदा गावच्या बायका रांगेनं घरोघर जायच्या. चटया उन्हात घातल्यात का, भांडी पालथी आहेत का, अंगण झाडलंय का, सगळं बघायचं; आणि ज्या घरी कचरा, त्या घराला चारचौघांत बोल. मानकरी असो की कोणी, या फेरीपुढं सगळ्यांनी कोपऱ्यात उभं राहायचं. माई त्या बायकांची म्होरकी.

पहिलं घर ताउलेलेचं. त्याची बायको सेपोरा दारातच उभी. आत दोरीवर पोरांचे रविवारचे कपडे वाळत होते. माईचे डोळे दिपले.

"सेपोरा, काय गं हे! बगळे लाजतील."

"हातात जोर हवा, माई," सेपोरा म्हणाली. "नुसत्या लिंबानं नि उन्हानं होतं."

माईनं एक सदरा उचलला. खांद्यापाशी बारीक बारीक भोकं होती, जणू कोणी ठिणग्या उडवल्या असाव्यात. तिनं सदरा नाकाशी नेला. दवाखान्याच्या फरशीचा वास! तिच्या तरुणपणाचा वास. क्षणभर तिला वाटलं, मोठ्या नर्सबाई आता हाक मारतील.

ती सेपोराच्या कानाशी वाकली. "लिंबानं भोकं पडत नाहीत, बाई. न विरघळलेल्या पावडरीचे दाणे बसले, की पडतात."

सेपोराचा चेहरा त्या सदऱ्यासारखा झाला. "माई, पाया पडते, यांना सांगू नका! मी एकटी नाही. आम्ही सगळ्यांनीच थोडी थोडी... शेजारचीनं तर नारळाची करवंटी भरून नेली."

"नवरा सभेत विष विष म्हणून ओरडतोय, आणि त्याच्याच पोरांच्या अंगावर तेच?"

"अंगावर वेगळं आणि पोटात वेगळं, नाही का?" सेपोरा रडत म्हणाली.

डब्याचं कोडं सुटलं. पावडर कपड्यांत गेली होती, डोहात नाही. पण मग बोया कशानं मेल्या? कपडे डोहात धुतले असतील तर?

"धुतले कुठं?"

"घरामागं, घमेल्यात. पाणी केळीच्या आळ्यात ओतलं."

पुढचं घर फेरेतीचं. गुरुवारी पहाटेच्या अंधारात त्याला डोहावर बघितल्याचं दोघी जणी सांगत होत्या.

"काय रे, एवढ्या पहाटे डोहावर कशाला?"

फेरेती ओशाळला. त्याच्यामागं बाटल्यांची रांग होती. "पाणी भरायला, माई. नळाचं मी पीत नाही. डोहाचं नैसर्गिक आहे."

"ज्या डोहात गाव अंग घासतं ते? आणि पोट कसं आहे?"

"जरा... पळापळ चालू आहे चार दिवस. हवा बदलली ना."

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. माई मात्र हसली नाही. या माणसानं गुरुवारी पहाटेही त्याच डोहाचं पाणी प्यायलं होतं, आणि जुलाबापलीकडं त्याला काही झालं नव्हतं. ज्यानं सगळ्या बोया मेल्या त्यानं फेरेतीला धक्का लागला नाही. हे कसलं विष?

४

शेवटचं घर फुआलाचं. ताउलेलेची थोरली आत्या. पाठीत वाकलेली, दात एकही नाही, आणि जिभेला मात्र हाड नाही. तिच्यासोबत एक पणती राहायची, आई-बाप नसलेली.

"या गं या, घाण शोधायला आलात? माझ्यापेक्षा जुनं घरात काही नाही, मलाच झाडून टाका!"

अंगण स्वच्छ होतं. पायरीशी कसल्यातरी पांढरट खवलेल्या गराचा सडा पडला होता, आणि बाजूला खवणी उन्हात वाळत होती.

"नारळ खवलात, आत्या?"

"हो बाई. रविवारची तयारी."

माई पुढं निघाली आणि थबकली. अंगणात कोंबड्या चरत होत्या. मातीत उकरत होत्या, चटईखाली डोकावत होत्या. पण त्या पांढऱ्या गराजवळून जाताना वळसा घालून जात होत्या. नारळाच्या कणासाठी एकमेकींचे डोळे काढणाऱ्या कोंबड्या!

"बुधवारी तुम्ही आमच्याकडं मासे पाठवलेत," माई हळूच म्हणाली. "गोड होते हो. कोणी धरले?"

"फेरेतीनं आणून दिले."

माईनं मागं बघितलं. फेरीच्या मागं मागं आलेला फेरेती कुंपणाशी उभा होता. "मी? मला मासे धरता आले असते तर न्यूझीलंडला कशाला गेलो असतो, आत्ते?"

म्हातारीनं खवणी उचलून आत नेली.

माई बायकांना निरोप देऊन एकटीच डोहावर गेली. ऊन कलतं होतं. फेस अजून काठाला होता. तिनं वास घेतला. क्लोरीनचा मागमूस नव्हता. निम्मा डबा पडला असता तर इथं उभं राहवलं नसतं. तिनं फेसात बोटं बुडवून घासली. साबणासारखा फेस पुन्हा वर आला. मग ती गुडघ्यावर बसून तळ बघू लागली.

तळाशी दगडांच्या सापटीत काहीतरी हललं. एक कोळंबी. मग दुसरी. मिशा हलवत, निवांत, जणू वर काही झालंच नाही.

आणि माईला एकदम तिचं माहेर आठवलं. ओहोटीची वेळ, गुडघाभर पाणी, आणि आजोबा. टोपलीत फुटूचा खवलेला गर घेऊन ते पोवळ्याच्या खडकांत शिरायचे. किनाऱ्यावरच्या फुटूच्या झाडाची ती चौकोनी फळं. त्यांचा गर पाण्यात कालवला की फेस यायचा आणि मासे गुंगून वर यायचे. पोरं टाळ्या पिटत ते गोळा करायची. आणि त्या सगळ्या उलट्या माशांमधून कोळंब्या खुशाल फिरायच्या. "आजोबा, या का नाही मरत?" छोट्या एपेनेसानं विचारलं होतं. आजोबा हसून म्हणाले होते, "त्यांना अजून कोणी सांगितलं नाही म्हणून!" रात्री सगळं घर ते मासे खायचं, आणि आजोबा जेवताना गायचे. कोणाचं पोटसुद्धा दुखायचं नाही.

किती वर्षांनी ऐकू आला तो आवाज. माईनं डोळे पुसले.

मग तिच्या ध्यानात आलं, की सिओएलीला वाचवायचं तर कोणाचं नाव घ्यावं लागणार. फुटूनं मासे मारायला गावात पंचांची बंदी होती. आणि बंदी घालायला उभा राहिला होता तो ताउलेलेच.

५

शनिवारी सकाळी माईनं पंचांना बायकांच्या मंडळाच्या घरात बोलावलं. असं आमंत्रण कधी आलं नव्हतं, म्हणून सगळे आले. मागच्या रांगेत बायका, त्यांत फुआला. सिओएली दारात उभा, हाताला अजून सुतळीचे धागे चिकटलेले.

मध्ये दोन घमेली, दोन्हींत डोहाच्या वरचं झऱ्याचं पाणी. दोन्हींत समुद्रकाठच्या दोन बोया आणि डोहातल्या दोन कोळंब्या.

"या पहिल्यात टाकीची पावडर," माई म्हणाली आणि मूठभर ओतली. नाकं मुरडली, दोघं खोकले. फेस आला नाही. बघता बघता बोया तडफडल्या, आणि कोळंब्याही मेल्या.

ताउलेलेनं मांडीवर थाप मारली. "घ्या! विषच!"

"मूठभर पडली तर विषच," माई शांतपणे म्हणाली. "मूठभर मीठ खाल्लंत तर तेही सोडणार नाही. आणि दादा, तुमच्या जेवणातल्या मिठातही क्लोरीनच असतं, दुसऱ्या एकाशी बांधलेलं."

"म्हणजे मी रोज लढाई खातो म्हण की!"

घर हसलं. माईही हसली. मग तिनं पदराखालून कुटलेला पांढरा गर काढून दुसऱ्या घमेल्यात कालवला. पाण्यावर फेस चढला. थोड्या वेळानं बोया आडव्या झाल्या, पोटं वर आली. कोळंब्या मात्र मिशा हलवत फिरत राहिल्या.

डोहाचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं: फेस होता, वास नव्हता, बोया मेलेल्या, कोळंब्या जिवंत.

"हा कोणत्या कारखान्याचा माल आहे?" माईनं फेरेतीला विचारलं.

फेरेती पुढं वाकला. "हे... फुटू आहे."

"फुटू. आपल्याच किनाऱ्यावरचं. झाडावरचं. नैसर्गिक." माई थांबली. "कोणीतरी बुधवारी फुटूनं मासे धरले आणि खवणी-टोपली डोहात धुतली. वाडवडिलांपासून असंच धुतात. वाहतं पाणी सगळं समुद्रात नेतं, कोणाला इजा होत नाही. पण या आठवड्यात डोहाचं तोंड बुजवलेलं होतं. पोरांच्या आंघोळीसाठी. गर तिथंच राहिला. धुणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. नेहमीचं वाहतं पाणी समजूनच धुतलं."

"आणि डब्यातली पावडर?" ताउलेले गरजला.

सेपोरा मागून उठली. "तुमच्या पोरांच्या सदऱ्यांत आहे, अहो. तुम्हीच म्हणालात ना, आपल्या घरचे कपडे सगळ्या गावात पांढरे दिसले पाहिजेत?"

एकेक करून आणखी पाचसहा बायका उठल्या. ताउलेलेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पण तो बोलका मानकरी होता, हरणं त्याला ठाऊक नव्हतं.

"बरं. पण फुटू कोणी वापरलं? नाव सांग, माई. नावाशिवाय निकाल फिरत नाही. संध्याकाळचा शंख वाजला, की हा बाहेर."

माईनं सिओएलीकडं बघितलं. मग खाली बघितलं. तिच्या ओठांवर नाव होतं, आणि ते तिला उच्चारवेना. शेवटी तिनं बळ करून मागच्या रांगेकडं मान वळवली.

फुआलाची जागा रिकामी होती.

६

बाहेरून एका पोरीची किंकाळी आली. सगळे धावत सुटले.

ऊन आता डोक्यावर आलं होतं. सिओएलीच्या अर्धवट उकललेल्या घरासमोर, त्या दगडांच्या राशीजवळ, कोणीतरी मातीत वाकून बसलं होतं. डोक्यावरून अंगभर एक बारीक विणीची केवड्याची चटई. रेशमासारखी मऊ, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. अशी चटई लग्नात किंवा मरणातच बाहेर निघते. बाहेर फक्त दोन म्हाताऱ्या पावलांचे तळवे दिसत होते. बाजूला तिची पणती रडत उभी होती.

फागावाईत हे काय आहे ते पोरासोरांनाही कळतं. अपराध केलेला माणूस चटई पांघरून ज्याचा अपराध केला त्याच्या दारात बसतो. घरवाला बाहेर येऊन चटई उचलेल तर क्षमा. नाही उचलली तर उन्हात बसून राहायचं. आणि घरवाल्याच्या हातात कोयता असेल, तर मान पुढंच आहे.

"आत्ते!" ताउलेले म्हणाला. त्याचा आवाज कोणाला ओळखू आला नाही. "तू?"

चटईखालून म्हातारीचं बोलणं आलं. "गळ धरायला हात राहिले नाहीत रे, म्हणून फुटूनं मासे धरले आणि धुरावर सुकवून ठेवले. या पोरीला कोण आहे? सगळ्यांच्या ताटात रविवारी मासा असणार, आणि हिनं कोणाच्या ताटाकडं बघायचं? बोया मेल्या तेव्हा मला वाटलं, खरंच पावडरनं मेल्या असतील. तू एवढं ओरडत होतास, मला खरं वाटलं. माईनं कोंबड्यांकडं बघितलं तेव्हा कळलं. मग जीभ उचलेना."

पंचांत सगळ्यात पुढं उभा होता ताउलेले. गावाला न्याय सांगणारा, काठी टेकून बोलणारा. घराण्याचा प्रमुख तोच. म्हातारीच्या अपराधाचा धनीही रीतीनं तोच. पण रीत नसती तरी त्या क्षणी त्याला उभं राहवलं नसतं, असं माई पुढं नेहमी सांगायची.

त्यानं काठी जमिनीवर ठेवली. सदरा काढला. आणि एवढा मोठा देह वाकवून तो चटईची कड उचलून आत्याशेजारी आत शिरला. चटई त्याला पुरेना. त्याची रुंद पाठ बाहेर राहिली, आणि ती पाठ हुंदक्यांनी हलत होती.

सिओएली पुढं आला. लेकीच्या दगडांजवळ क्षणभर थांबला. त्याच्या बायकोनं मागून त्याच्या खांद्याला हात लावला.

मग तो वाकला आणि चटई उचलली.

"उठा, आत्या. ऊन लागेल." आणि ताउलेलेकडं बघून म्हणाला, "दादा, तुम्हीही उठा. छप्पर एकट्यानं बांधायचं नाही व्हायचं माझ्याच्यानं, सुतळ्या धरायला या."

ताउलेले उठला, आणि डोळे न पुसताच सुतळ्या धरायला गेला. त्याच्यामागून सगळे पंच. संध्याकाळचा शंख वाजला तेव्हा छपराची शेवटची गाठ बसत होती. दुसऱ्या दिवशी देवळात इलाइआंचा सूर पहिल्याच वाक्यात लागला. असं प्रवचन त्यांनी पुन्हा कधी गायलं नाही, असं म्हणतात.

सिओएली त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. रोज सकाळी दगडांवर फुलं ठेवायची आणि मग डोंगर चढून टाकीत चिमूटभर पावडर घालायची. तो असेतो गावात विषमज्वर पुन्हा शिरला नाही. आता तोही लेकीशेजारी निजला आहे, आणि दोघांवर फुलं ठेवायला कोणी रोज जात नाही.

म्हणून मंडळी, एवढंच मागणं. घरी गेल्यावर पेलाभर पाणी तोंडाला लावाल, तेव्हा घोट घ्यायच्या आधी क्षणभर त्या सिओएलीची आठवण काढा.